नव्या गुडघ्याची गोष्ट : खाटेवरून उठण्याचा इतिहास



आमच्या गटाची महिन्याची बैठक समाजमंदिरात भरते. सगळ्या जणी सतरंजीवर बसतात. गेल्या वर्षीपासून सतरंजीच्या कडेला एक प्लास्टिकची खुर्ची असते. ती माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचा उजवा गुडघा ऑपरेशन करून बदललाय. पहिल्या बैठकीला त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा बाकीच्या हसल्या, "आता काय, अध्यक्षच झालात की!" आज त्या सतरंजीवर आणखी दोघी अशा आहेत, ज्यांना डॉक्टरांनी हेच ऑपरेशन सांगितलंय आणि त्या घाबरून बसल्यात. आजचं बोलणं त्या दोघींसाठी आहे आणि त्यांच्या सुनांसाठीही.

सुनांसाठी का, तेही सांगते. आत्यांचा गुडघा डॉक्टरांनी नीट बसवला. पुढच्या पाच आठवड्यांत तो आम्ही घरच्यांनी जवळजवळ बिघडवला होता. आमच्यात माया कमी नव्हती. उलट मायेपोटीच आम्ही त्यांना खाटेवरून उठू दिलं नाही.

पुढे फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला चांगलंच सुनावलं. म्हणाल्या, "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करतात ते उगाच नाही. हे कळायला जगाला शंभर वर्षं लागलीत." माझं बीए इतिहास विषय घेऊन झालंय. शंभर वर्षं म्हटल्यावर मला राहवेना. जे वाचून हाती आलं, ते तुम्हाला सांगते.

आधी दुखणं समजून घेऊ. आपल्या सांध्यात हाडाच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. सांध्यात वंगणही असतं. वय, वजन, जुनी दुखापत, आमवात, वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेलं काम, या सगळ्यानं ते अस्तर झिजतं. मग हाडावर हाड घासतं. आपल्या आज्यांनी यावर निरगुडीचा पाला बांधला, विटेचा शेक घेतला, बिब्याचे चटके घेतले, काहींनी तापलेल्या लोखंडाचे डागसुद्धा घेतले. शेकानं थोडा आराम पडायचा. बिब्यानं आणि डागानं कातडी तेवढी जळायची. झिजलेलं अस्तर कशानंच परत येत नव्हतं.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडेही फार काही नव्हतं. सांधा फारच सडला, तर दोन्ही हाडं एकमेकांना जोडून तो कायमचा जखडून टाकायचे. दुखणं थांबायचं, पण पाय काठीसारखा ताठ राहायचा.

बदललेल्या सांध्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक नावाच्या सर्जननं हस्तिदंताचा गुडघा करून माणसाला बसवला. विचार बरोबर होता, पण त्याचे रुग्ण सांध्याच्या क्षयाचे होते. आतला जंतुसंसर्ग गेलेला नव्हता आणि त्यावर औषधही नव्हतं. काही महिन्यांत ते सांधे पिकले, काढावे लागले.

क्षयाचं नाव निघालंच आहे, तर इथे जरा थांबू. खाटेवर पडून राहण्याची शिस्त बऱ्याच अंशी या रोगानं आणली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरात ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होते. त्यांचं घराणं हाडं बसवणाऱ्यांचं, आपल्याकडच्या हाडवैद्यांसारखं. त्यांनी पाय सरळ धरून ठेवणारी लोखंडी पट्टी तयार केली, ती त्यांच्या नावानं आजही वापरात आहे. क्षयाचा सांधा अजिबात न हलवता, खंड न पाडता, दीर्घकाळ विश्रांतीत ठेवा, असं ते सांगत. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं, म्हणून त्या रोगापुरतं ते शहाणपणाचंच होतं. पण हळूहळू तो सगळ्याच दुखण्यांचा नियम होऊन बसला. ऑपरेशन झालं, पडून राहा. बाळंतपण झालं, पडून राहा. हाड मोडलं, पडून राहा.

या नियमाला धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. दवाखान्यांत खाटा कमी, माणसं कमी, जखमी मात्र फार. डॉक्टरांना रुग्ण लवकर उठवावे लागले. आणि लवकर उठवलेले रुग्ण बिघडण्याऐवजी लवकर सुधारताना दिसले. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरांनी तिथल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, त्याचा विषयच अंथरुणाचे धोके हा होता. पडून राहिल्यानं पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, स्नायू वाळतात, सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात आणि माणसाचं मनही खचतं, असं त्यांनी एकेक करून मांडलं. औषध म्हणून दिलेली खाटच आजार होऊ शकते, हे डॉक्टरांना डॉक्टरांनीच सांगितलं.

आता येऊ खुब्याच्या सांध्याकडे, कारण आजचं सांधेबदल ऑपरेशन यशस्वी झालं ते आधी खुब्यात. इंग्लंडमध्ये लँकशायर भागात रायटिंग्टन नावाचं रुग्णालय आहे. भोवती शेतं, आणि तेव्हा थोड्या अंतरावर कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या होत्या. हे रुग्णालय मुळात क्षयाचं. क्षयावर औषधं आली तशा तिथल्या खाटा रिकाम्या झाल्या. तिथे जॉन चार्नली नावाचे सर्जन खुब्याच्या दुखण्यावर काम करू लागले.

त्याआधी पॅरिसमध्ये ज्युडे नावाच्या दोन भावांनी अ‍ॅक्रिलिकचा गोळा खुब्यात बसवायला सुरुवात केली होती. असा सांधा बसवलेला एक रुग्ण चार्नलींकडे आला. त्याची तक्रार दुखण्याची नव्हती. तो हलला की खुबा करकर वाजायचा आणि त्या आवाजाला कंटाळून त्याची बायको खोलीतून उठून जायची! आपण हसू, पण चार्नली विचारात पडले. बैलगाडीचं चाक करकरतं तेव्हा वंगण संपलेलं असतं. सांध्यात तसंच घर्षण होत असणार. ते कमी करायचं, तर गोळा धातूचा आणि लहान हवा, आणि तो फिरतो ती वाटी निसरड्या वस्तूची हवी.

निसरडं प्लास्टिक म्हणून त्यांनी टेफ्लॉन घेतलं. हो, आपल्या नॉनस्टिक तव्याला असतं तेच. सुमारे तीनशे रुग्णांना त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. सुरुवातीला रुग्ण आनंदानं चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याचा भुगा आसपासच्या मांसात साठला, हाड खराब झालं. चार्नलींना तीच माणसं पुन्हा टेबलावर घ्यावी लागली. ते दुसऱ्यांवर ढकलून मोकळे झाले नाहीत, स्वतः ते ऑपरेशन करत राहिले. मला मात्र त्या तीनशे जणांचं वाईट वाटतं. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. आपल्या आत्यांच्या पायातला गुडघा त्यांच्या दुखण्यातून आलाय.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता रायटिंग्टनला आला. तो लँकशायरच्या कापडगिरण्यांना मागाची दातेरी चाकं विकायचा. ती एका नव्या, दणकट प्लास्टिकची होती. ते होतं पॉलिथिलीन, पण आपल्या पिशवीचं नव्हे, फार घट्ट जातीचं. चार्नलींनी तुकडा हातात घेतला, त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि हे काही कामाचं नाही म्हणून निघून गेले. पण त्यांच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचा कारागीर होता. तो डॉक्टर नव्हता, लेथवर काम करणारा फिटर होता. साहेबांनी नको म्हटलं तरी त्यानं तो तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर लावला. यंत्र दिवसरात्र चाललं. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढंही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजलं नाही. चार्नली गावाहून परतले, त्यांनी यंत्र पाहिलं आणि आपली चूक मान केली.

त्यांनी दोन्ही प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, दुसऱ्या जागी काही झालं नाही. १९६२ च्या नोव्हेंबरपासून नव्या प्लास्टिकच्या वाट्या बसू लागल्या. धातूचा गोळा, पॉलिथिलीनची वाटी, आणि ते हाडात घट्ट बसवायला दाताच्या कवळीसाठी वापरतात त्या जातीचं अ‍ॅक्रिलिक सिमेंट. मूळ रचना आजही हीच आहे. म्हणजे इचलकरंजीला किंवा मालेगावला खटखटतात तसल्या मागाच्या चाकातून माणसाचा खुबा सुधारला.

आणखी एक गोष्ट चार्नलींनी केली. सुरुवातीला त्यांच्या शंभरातल्या सात-आठ रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग व्हायचा. त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती गाळलेली स्वच्छ हवा खेळती ठेवणारी खोलीच बांधून घेतली, अंगावरचे झगे बदलले. काही वर्षांत ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

खुबा उखळीचा सांधा आहे. उखळीत मुसळाचं तोंड फिरावं तसा तो फिरतो. गुडघा दिसायला बिजागरीसारखा, पण तो वाकताना घरंगळतो, सरकतो आणि किंचित वळतोही. म्हणून तो जमायला जास्त वेळ लागला. चार्नलींकडे शिकायला आलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन हे डॉक्टरही होते आणि इंजिनिअरही. गुडघ्याची ही चाल ओळखून त्यांनी १९६८ च्या सुमारास रायटिंग्टनलाच नवा गुडघा तयार केला. पुढे १९७४ साली न्यूयॉर्कच्या एका हाडांच्या रुग्णालयात जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत यांनी असा गुडघा घडवला, की आजचे बहुतेक गुडघे त्याच वळणाचे आहेत. यातले राणावत आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातले, इंदूरला डॉक्टर झालेले. त्याच राणावतांनी २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा बदलला आणि २००१ साली उजवा. आमच्या गावात गुडघा बदलतात ही गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा बोलली गेली, असं आत्या सांगतात. पण ती थोरामोठ्यांची गोष्ट होती. आपल्याला एवढा पैसा कुठला?

पैशाचंही सांगते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम भागांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची छापील किंमत त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर होती, ती जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आली. हा नुसत्या भागाचा आकडा. ऑपरेशन, खोली, औषधं वेगळी. म्हणून बिल घेताना भागाची किंमत वेगळी लिहून मागा. आणि सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसतं का, कुठल्या रुग्णालयात आणि कुठल्या अटींवर, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

हा गुडघा टिकतो किती, हा आपला नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर स्वीडननं दप्तर ठेवून काढलं. हो, आपल्या गटासारखं दप्तर. १९७५ पासून त्यांनी देशातल्या गुडघाबदलाच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, १९७९ पासून खुब्याच्या. कुणाला कुठला सांधा बसवला, पुन्हा उघडावा लागला का, सगळं लिहिलं. मग कुठला टिकतो, कुठला नाही, हे आपोआप समोर आलं. पुढे इतर देशांनीही अशी दप्तरं उघडली. काही देशांच्या नोंदी एकत्र मोजून २०१९ साली अभ्यासकांनी सांगितलं, की बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ पंचवीस वर्षं टिकतात. वही लिहायचा कंटाळा करणाऱ्या आपल्या सचिवांनी हे जरूर ध्यानात ठेवावं!

सांधा तर चांगला झाला. पण माणूस उठायचा कधी? चार्नलींच्या सुरुवातीच्या काळात रुग्ण काही आठवडे अंथरुणातच असत. पुढे १९७० नंतर कॅनडात टोरँटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं, की जखडून ठेवलेल्या सांध्यापेक्षा हलता ठेवलेला सांधा चांगला भरून येतो. पाय आपोआप वाकवणारं यंत्रही आलं. पण नंतर तुलना केली तेव्हा दिसलं, की गुडघाबदलानंतर त्या यंत्रानं फार काही जास्त मिळत नाही. यंत्र पाय हलवतं, मांडीतली ताकद मात्र स्वतः हलवल्यावरच येते.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतर वेगळाच प्रश्न विचारला. हा रुग्ण आज अजून खाटेवर का आहे? उत्तरं साधी निघाली. दुखतंय म्हणून, मळमळतंय म्हणून, उपाशी ठेवलंय म्हणून, नळ्या लावल्यात म्हणून, आणि नेहमीचीच पद्धत आहे म्हणून. एकेक कारण काढून टाकलं. दुखणं आधीच आटोक्यात ठेवलं, लवकर जेवू घातलं, नळ्या कमी केल्या आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं केलं. आधी हे पोटाच्या ऑपरेशनमध्ये झालं, मग सांध्यांच्या. डेन्मार्कमध्ये सांधेबदलानंतर २००० च्या सुमारास दहा-अकरा दिवस रुग्णालयात राहावं लागायचं, दहाएक वर्षांत ते चार दिवसांवर आलं.

आता आमच्या घरी काय झालं ते ऐका.

आत्यांचं ऑपरेशन जिल्ह्याच्या गावी झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्या उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्या. घरी सोडताना फाईलमध्ये व्यायामाचा एक कागद दिला. तो इंग्रजीत होता, कुणी समजावून सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बीए झालेली मी, तो घडी करून तसाच ठेवला. घरी येणारा जाणारा म्हणायचा, "म्हातारीला उठवू नका, टाके तुटतील." आम्ही जेवण खाटेवर दिलं. पाय दुखायचा म्हणून मी रोज गुडघ्याखाली मऊ उशी ठेवायचे. त्यांना बरं वाटायचं. पाचव्या आठवड्यात एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, "आगं, डाक्टरनं मला पाय दिला आन तुमी मला खाटंला बांदून घातलं."

सहाव्या आठवड्याला तपासणीला गेलो. गुडघा वाकत होता साठ अंशांपर्यंत. म्हणजे खुर्चीवरून धड उठताही येईना. आणि उशीमुळे तो पूर्ण सरळही होत नव्हता. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांच्या आत सुधारला नाही, तर भूल देऊन वाकवावा लागेल. त्या दिवशी एसटीत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

मग फिजिओ ताईंकडे गेलो. त्यांनी तो कागद मराठीत समजावला. खाटेवर पडून घोटा खाली-वर करायचा. गुडघ्यामागे टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळून ती दाबायची, व्यायाम झाला की गुंडाळी काढायची. टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवायचा. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालायचं, मग पाय उंच ठेवून बर्फानं शेकायचं. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी. आम्ही ती गोळी सवय लागेल म्हणून टाळत होतो!

आत्या उठल्या आणि नवीनच गडबड झाली. त्या चालताना दिसल्या की लगेच घरातून हाक, "आता बऱ्या झालात, तर जरा शेंगा फोडा, म्हशीला वैरण टाका." आणि त्या टाकायच्याही! संध्याकाळी गुडघा भोपळ्यासारखा सुजायचा, दुसऱ्या दिवशी व्यायाम बंद. इथं मला कळलं, की आपल्या घरात बाईच्या दोनच अवस्था असतात. एक आजारी म्हणून पडलेली आणि दुसरी कामाला जुंपलेली. यांच्यामध्ये काही नाहीच. बाळंतिणीचा सव्वा महिना तेवढा सुटीचा, तोही उठली की संपला. बाई आपल्या पायासाठी अंगणात वीस मिनिटं नुसती चालतेय, हे आपल्याला रिकामटेकडेपण वाटतं. आणि तिला स्वतःलाही तसंच वाटतं.

शंभर वर्षांच्या या इतिहासानं मला हेच शिकवलं. पडून राहणं औषध नाही. पण उठणं म्हणजे कामाला लागणंही नाही. हालचाल ही वेगळी गोष्ट आहे. सांध्याला हालचाल हवी असते, आणि तिला घरात जागा करून द्यावी लागते.

आम्ही गटाच्या बैठकीत हे मांडलं. शेजारच्या दोघींनी महिनाभर सकाळची धार आणि वैरण घेतली. त्यांच्या भांगलणीला मी गेले, पैशाचा प्रश्न आला नाही. आत्यांसाठी एक जुनी हजेरीवही काढली. तीन रकाने केले : चालणं, व्यायाम, सूज. माझी मुलगी रोज भरायची. वहीत लिहायचं म्हटल्यावर घरातल्या पुरुषांनाही ते काम वाटू लागलं. सकाळी आठ ते साडेआठ आत्यांना कुणी हाक मारायची नाही, असं ठरलं. तीन महिन्यांच्या तपासणीला गुडघा शंभराच्या पुढं वाकत होता आणि जवळजवळ सरळ होत होता. भूल द्यावी लागली नाही. तोवर त्यांनी किती आसवं गाळली, हे मात्र वहीत लिहिलेलं नाही.

आता त्या देवळापर्यंत चालत जातात, एसटीत चढतात, बाजार करतात. काय करत नाहीत, तेही सांगते. उकिडवं बसत नाहीत, मांडी घालून बसत नाहीत. चुलीऐवजी ओट्यावर स्वयंपाक, घरी कमोडची खुर्ची, धार काढायला उंच स्टूल. भांगलायला त्या जात नाहीत. खुब्याचं ऑपरेशन असेल, तर कसं बसायचं, किती वाकायचं याचे नियम वेगळे असतात, ते आपल्याच डॉक्टरांकडून घ्यावेत. पहिले तीन महिने फार जातात. सूज आणि ऊब काही महिने राहते. वर्षभर सुधारणा होत राहते. जखमेच्या बाजूची कातडी बधिर लागते, त्याला घाबरायचं नाही.

घाबरायचं कशाला, तेही ऐका. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली, तर रक्ताची गाठ असू शकते. दम लागला, छातीत दुखलं, तर वेळ न घालवता दवाखाना. ताप आला, जखम लाल झाली, पाणी किंवा पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. जखमेवर हळद, चुना, बिबा, काही नाही. तेल लावून रगडून घ्यायचं नाही. साखरेचा आजार असेल, तर ऑपरेशनच्या आधीपासून साखर आटोक्यात ठेवायची.

आमच्या सतरंजीवरच्या त्या दोघींना माझं एवढंच सांगणं. ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी घरात बसून तीन गोष्टी ठरवा. स्वयंपाक कोण करणार, गुरांचं कोण पाहणार, आणि दिवसातली कुठली वेळ तुमच्या पायाची. व्यायामाचा कागद मराठीत समजावून घेतल्याशिवाय रुग्णालयातून पाऊल बाहेर टाकू नका. आणि सुनांनो, उशी गुडघ्याखाली नको.

कालच्या बैठकीत आत्या खुर्चीवरून उठल्या आणि त्या दोघींपैकी एकीचा हात धरून म्हणाल्या, "चल, देवळापर्यंत जाऊन येऊ. तुज्या जुन्या गुडघ्यानं जमंल तेवढं." ऑपरेशनच्या आधी मांडीत जेवढी ताकद असेल, तेवढी नंतर उपयोगी पडते, हे त्यांना फिजिओ ताईंनी सांगितलंय. दोघी हळूहळू निघाल्या. आम्ही कर्जाचे हप्ते लिहीत बसलो.